जीडॅल अद्ययावत केल्यावर काही स्तर समुद्रात, काही जागच्या जागी: दोष नेमका कोठे शोधावा?

प्रश्न

आमच्या नकाशा-सेवेत पायथनमधून जीडॅल (भौगोलिक माहिती वाचणारी आणि तिचे रूपांतर करणारी लायब्ररी) वापरून वेगवेगळ्या निर्देशांक प्रणालींतील स्तर ईपीएसजी ४३२६ मध्ये (निर्देशांक प्रणालींच्या ईपीएसजी नोंदवहीतील डब्ल्यूजीएस ८४ ची अक्षांश-रेखांश प्रणाली) आणले जातात. त्यानंतर प्रत्येक बिंदूचे एक्स आणि वाय वाचून आमचाच कोड जिओजेसन (भौगोलिक माहितीचे मजकूर-स्वरूप) जुळवतो, आणि ब्राउझरमध्ये आम्ही लिहिलेला वेबजीएल (ब्राउझरमधील ग्राफिक्स तंत्र) स्तर तो रेखाटतो. जीडॅलची २.४ ही आवृत्ती काढून ३ मालिकेतील आवृत्ती बसवल्यापासून पुढील गोष्टी दिसत आहेत.

ज्या स्तरांचे मूळ निर्देशांक ब्रिटिश राष्ट्रीय जाळ्यात, म्हणजे ईपीएसजी २७७०० मध्ये आहेत, ते सगळे हिंदी महासागरात जाऊन पडतात. एडिनबरामधील बिंदू सेशेल्सच्या थोडे उत्तरेला उमटतात. जे स्तर आधीपासूनच ४३२६ मध्ये आहेत ते मात्र बरोबर जागी आहेत, कारण ईपीएसजी क्रमांक जुळला तर आमचा प्रोग्रॅम रूपांतराची पायरीच वगळतो. अक्षांश उणे ९० ते अधिक ९० या मर्यादेत आहे की नाही हे आम्ही तपासतो, परंतु त्या तपासणीतून एकही चूक बाहेर आली नाही.

तात्पुरता उपाय म्हणून ब्राउझरमध्ये एक्स आणि वाय यांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा स्तर ब्रिटनमध्ये परतले. तरीही सर्व्हरवरील कंटेनरने (प्रोग्रॅम आणि त्याच्या फायली एकत्र बांधलेल्या बंदिस्त संचाने) दिलेले बिंदू आणि माझ्या संगणकाने दिलेले बिंदू यांत दोन-तीन मीटरचा फरक राहतो. शिवाय विसाव्या झूम-पातळीवर आमच्या स्तरातील रेषा थरथरतात आणि त्यांचे शिरोबिंदू वर-खाली सरकलेले दिसतात, आडवे मात्र जवळपास अजिबात नाही. शेजारचे व्हेक्टर टाइलमधून (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांतून) येणारे स्तर पूर्ण स्थिर असतात. हा सगळा एकाच दोषाचा परिणाम आहे का, आणि शोधाची सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर

तिन्ही लक्षणे एकाच अद्यतनानंतर नजरेस आली, म्हणून त्यांचे मूळ एकच असेल असे धरून चालू नये. नकाशाच्या साधनांत दोष शोधताना मी सर्वांत आधी चुकीचे अंतर मोजतो, कारण त्या अंतरावरूनच कोणत्या थरात शोधायचे हे बहुधा ठरते. हजारो किलोमीटरची चूक अक्षांच्या क्रमातून किंवा प्रणालीच्या चुकीच्या नोंदीतून येते, काही मीटरची चूक डेटमच्या (निर्देशांक ज्या पृथ्वी-संदर्भावरून मोजले जातात त्याच्या) रूपांतरातून येते, आणि झूम केल्यावरच दिसणारी काही पिक्सेलांची चूक संख्यांच्या अचूकतेतून येते. आपल्याकडे या तिन्ही पातळ्या एकदम उपस्थित आहेत. मी पहिलीबद्दल लिहितो.

ईपीएसजीच्या नोंदीत ४३२६ या प्रणालीचा पहिला अक्ष अक्षांशाचा आहे आणि दुसरा रेखांशाचा. जीडॅलच्या जुन्या आवृत्त्या हा क्रम बाजूला ठेवून नेहमी रेखांश आधी देत असत. २०१९ मध्ये आलेल्या जीडॅल ३ ने, प्रोज ६ या निर्देशांक-रूपांतराच्या लायब्ररीच्या आधाराने, अधिकृत क्रम पाळायला सुरुवात केली. उलट जिओजेसनचे २०१६ चे मानक, आरएफसी ७९४६, रेखांश आधी असलाच पाहिजे असे सांगते. दोन्ही नियम आपापल्या जागी स्पष्ट आहेत. आपला कोड नेमका त्या दोहोंच्या सीमेवर उभा आहे.

काही स्तर बिघडतात आणि काही नाही, याचे कारणही येथेच आहे. फाइल वाचताना जीडॅलचे बहुतेक ड्रायव्हर (त्या-त्या प्रकारची फाइल वाचणारे भाग) त्या स्तराच्या प्रणालीला जुनाच, रेखांश-आधी असा क्रम लावून देतात. परंतु आपण स्वतः ईपीएसजी क्रमांक देऊन जी लक्ष्य-प्रणाली निर्माण करता, तिला अधिकृत क्रम मिळतो. त्यामुळे रूपांतर झालेल्या प्रत्येक बिंदूचा एक्स हा अक्षांश असतो, आणि रूपांतर वगळलेला स्तर जसाच्या तसा राहतो. आपली मर्यादेची तपासणी निरुपयोगी ठरली, कारण ब्रिटनचे अक्षांश आणि रेखांश दोन्ही ९० पेक्षा लहान असल्याने अदलाबदल झालेली जोडीही वैध दिसते.

दुरुस्ती एका ओळीची आहे. लक्ष्य-प्रणाली निर्माण केल्यावर लगेच ‘सेट अ‍ॅक्सिस मॅपिंग स्ट्रॅटेजी’ ही मेथड वापरून तिला पारंपरिक जीआयएस क्रम लावावा, आणि प्रणाली निर्माण करण्याचे काम संपूर्ण प्रकल्पात एकाच फंक्शनकडे सोपवावे. पायप्रोज (प्रोजचे पायथन रूप) वापरत असाल, तर रूपांतरक निर्माण करताना ‘ऑलवेज एक्सवाय’ हा पर्याय खरा ठेवावा लागतो. ब्राउझरमधील अदलाबदल मात्र आजच काढून टाकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती राहिली तर आज बरोबर दिसणारे ४३२६ चे स्तर उलटे होतील, मग त्यांच्यासाठी अपवाद लिहावा लागेल, आणि काही काळाने कोणता स्तर कोठे किती वेळा उलटला आहे हे कोणालाही सांगता येणार नाही.

चाचणीसाठी असा बिंदू घ्यावा ज्याचे दोन्ही निर्देशांक एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत आणि ज्यातील एकाला उणे चिन्ह आहे. एडिनबराचा किल्ला या कामी सोयीचा आहे: अक्षांश सुमारे ५५.९४९, रेखांश सुमारे उणे ३.२००, आणि राष्ट्रीय जाळ्यात पूर्वेकडील अंतर सुमारे ३,२५,१०० मीटर व उत्तरेकडील सुमारे ६,७३,५०० मीटर. हा एकच बिंदू वाचनानंतर, रूपांतरानंतर, जिओजेसन लिहिल्यानंतर आणि रेखाटनाच्या आधी छापून पाहिला की जोडी कोणत्या पायरीवर उलटते ते ताबडतोब कळते.

जाता जाता, डब्ल्यूएमएस (नकाशाच्या प्रतिमा पुरवण्याचे मानक) सेवेकडून प्रतिमा मागवत असाल तर तेथेही हाच पेच आहे. १.१.१ या आवृत्तीत ४३२६ साठी चौकटीचे निर्देशांक रेखांश-आधी द्यावे लागतात आणि १.३.० मध्ये अक्षांश-आधी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण सांगितल्याप्रमाणे चारही टप्प्यांवर एडिनबराचा बिंदू छापून पाहिला. जोडी रूपांतराच्या पायरीवरच उलटत होती. लक्ष्य-प्रणालीला पारंपरिक क्रम लावल्यावर सर्व स्तर जागेवर आले आणि ब्राउझरमधील अदलाबदल काढून टाकली. कंटेनर आणि संगणक यांतील दोन-तीन मीटरचा फरक मात्र कायम आहे. दोन्हीकडे जीडॅलची आणि प्रोजची आवृत्ती तंतोतंत सारखी आहे, म्हणूनच ही बाब अधिक बुचकळ्यात टाकते.

दुसरे उत्तर

आवृत्ती सारखी असली तरी दोन्ही ठिकाणी रूपांतराच्या फायली सारख्या असतीलच असे नाही. ब्रिटिश राष्ट्रीय जाळे ओएसजीबी ३६ या डेटमवर आधारलेले आहे. तेथून डब्ल्यूजीएस ८४ कडे जाण्याचे एकाहून अधिक मार्ग प्रोजच्या माहितीकोशात नोंदलेले आहेत. त्यांतील एक सात प्राचलांचे हेल्मर्ट रूपांतर आहे. संपूर्ण देशासाठी एकच सूत्र असल्यामुळे त्यात काही मीटरपर्यंत चूक राहू शकते. दुसरा मार्ग ओएसटीएन १५ या दुरुस्त्यांच्या जाळीचा आहे आणि तो कितीतरी अधिक अचूक आहे, परंतु त्यासाठी ती जाळीची फाइल प्रत्यक्ष संगणकावर असावी लागते किंवा प्रोजला ती नेटवर्कवरून घेण्याची परवानगी असावी लागते. फाइल सापडली नाही तर प्रोज सहसा तक्रार न करता पुढच्या, कमी अचूक मार्गाकडे वळतो. आटोपशीर कंटेनरमध्ये या फायली बहुधा नसतात, आणि आपल्या संगणकावर त्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमबरोबर आलेल्या असू शकतात.

खात्रीसाठी दोन्ही ठिकाणी ‘प्रोजइन्फो’ ही आज्ञा स्रोत आणि लक्ष्य प्रणाली देऊन चालवावी. ती उपलब्ध मार्गांची यादी प्रत्येकाच्या अपेक्षित अचूकतेसह देते आणि कोणती जाळी हवी आहे पण सापडत नाही हेही सांगते. त्यानंतर ‘प्रोजसिंक’ (या फायली उतरवून घेणारी प्रोजची आज्ञा) वापरून आवश्यक ती फाइल कंटेनरच्या प्रतिमेतच समाविष्ट करावी. नेटवर्कवरून घेण्याचा पर्याय सोयीचा आहे, पण उत्पादन-सर्व्हरवर मला तो पटत नाही, कारण नेटवर्क तुटले की उत्तरे पुन्हा गुपचूप बदलतात. पायप्रोजच्या नव्या आवृत्त्यांत ‘ओन्ली बेस्ट’ हा पर्याय आहे. तो लावला की सर्वोत्तम मार्ग उपलब्ध नसताना कमी अचूक उत्तर येण्याऐवजी त्रुटी येते. मोजणीच्या कामात हेच हवे.

माहितीकोशाची फाइल सापडत नाही किंवा ती दुसऱ्या प्रोज-स्थापनेतून आली आहे असा संदेश कधी दिसला, तर ‘प्रोज लिब’ किंवा ‘प्रोज डेटा’ हे पर्यावरण-चल दुसऱ्याच सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरकडे वळवलेले नाही ना, एवढे आधी पाहावे.

तिसरे उत्तर

थरथरण्याचा जीडॅलशी काहीही संबंध नाही. तो दोष आधीपासून असावा. इतके झूम करून निरखून पाहण्याची वेळ आता आली एवढेच.

आपल्या निरीक्षणातील ‘वर-खाली, पण आडवे नाही’ हा तपशील फार मोलाचा आहे. वेब मर्केटरमध्ये (वेब-नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात) एडिनबराचा वाय सुमारे ७५ लाख मीटर येतो आणि एक्स सुमारे उणे ३ लाख ५६ हजार मीटर. ग्राफिक्स कार्डाकडे जाणाऱ्या ३२ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी) संख्येत २४ बिटांइतकीच अचूकता असते. त्यामुळे ७५ लाखांच्या आसपास दोन शेजारच्या संख्यांमधील अंतर अर्धा मीटर होते, तर साडेतीन लाखांच्या आसपास ते जेमतेम तीन सेंटिमीटर असते. २५६ पिक्सेलांच्या टाइलच्या हिशोबाने विसाव्या पातळीवर एक पिक्सेल म्हणजे प्रक्षेपणातील सुमारे ०.१५ मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरची पायरी तीन पिक्सेलांहून मोठी दिसते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ‘मॅथ’ या ऑब्जेक्टचे ‘फ्राउंड’ फंक्शन ७५४८१२३.३ या संख्येवर चालवून पाहावे; उत्तर ७५४८१२३.५ येते.

येथे दोन दोष एकत्र आहेत. शिरोबिंदू पायऱ्यांवर जाऊन बसतात हा स्थिर दोष आहे. प्रत्यक्ष थरथर मॅट्रिक्समधून (बिंदू पडद्यावर बसवणाऱ्या संख्यांच्या कोष्टकातून) येते, कारण तीत नकाशाच्या केंद्राचे तितकेच मोठे स्थलांतर असते, आणि दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी ३२ बिटांत झाली की प्रत्येक फ्रेमला उरलेली लहान संख्या थोडी वेगळी येते. टाइलमधील स्तर यातून वाचतात, कारण त्यांचे निर्देशांक त्या-त्या टाइलच्या कोपऱ्यापासून मोजलेले लहान पूर्णांक असतात.

उपायही तोच आहे. प्रत्येक वस्तूसाठी जवळचा एक संदर्भबिंदू निवडावा, जावास्क्रिप्टच्या ६४ बिटांच्या संख्यांत तो प्रत्येक शिरोबिंदूतून वजा करावा आणि उरलेले लहान अंतरच ३२ बिटांच्या अ‍ॅरेमध्ये भरावे. संदर्भबिंदूचे स्थलांतर मॅट्रिक्समध्ये ६४ बिटांतच मिसळून, अखेरचा गुणाकार झाल्यावर मॅट्रिक्स ३२ बिटांत उतरवावे. ही वजाबाकी शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) केल्याने काहीही साधत नाही, कारण अचूकता अ‍ॅरेमध्ये भरतानाच गेलेली असते. एखादी वस्तू शेकडो किलोमीटर पसरलेली असेल, तर एक संदर्भबिंदू पुरणार नाही. अशा वेळी ती तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र संदर्भबिंदू द्यावा.