मदत हवी आहे : द्विनेत्रीच्या दृष्टिक्षेत्राची दोन उत्तरे

नमस्कार. मी चोपड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. माझ्या १०×५० द्विनेत्रीवर (दोन डोळ्यांनी पाहायच्या, १० पट मोठे दाखवणाऱ्या व ५० मिमी भिंगांच्या दुर्बिणीवर) दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, ६.५ अंश, म्हणजे १००० मीटरवर सुमारे ११४ मीटर, असे छापलेले आहे. ते स्वतः पडताळून पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आधी कापसाच्या वखारीच्या भिंतीवर खडूने खुणा करून बरोबर २० मीटरवरून पाहिले, तेव्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत २.०५ मीटर भिंत दिसली, म्हणजे जेमतेम ५.९ अंश. रात्री द्विनेत्री तिपाईवर घट्ट बसवून मृगाच्या बाणातील (एका ओळीतील तीन ताऱ्यांपैकी) सर्वांत आधी उगवणारा तारा क्षेत्रातून सरकू दिला. तो खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाला) अगदी लागून असल्याने ४ मिनिटांत १ अंश सरकतो. या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला त्याला २६ मिनिटे लागली, म्हणजे पुरते ६.५ अंश.

भिंत पाहताना डोळ्यांवर चष्मा होता, रात्री नव्हता. एवढा फरक केवळ चष्म्यामुळे पडेल, की जवळच्या वस्तूवर फोकस केल्यानेही क्षेत्र आक्रसते? शिवाय २० मीटर हे अंतर भिंतीपासून पुढच्या भिंगापर्यंत धरावे की डोळ्यापर्यंत? ज्यांनी स्वतः असे मोजमाप केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.