शिवाजी गणेशन आणि रंगभूमीचे संस्कार

तमिळ अभिनेते शिवाजी गणेशन यांचा अभिनय भडक होता, हे मत मला एकांगी वाटते. लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झालेल्या गणेशन यांनी द्रविड चळवळीतील नेते व नाटककार अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि ती पाहून समाजसुधारक पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले. तेच नाव आयुष्यभर टिकले, याचे मराठी माणसाला अप्रूप वाटणारच. १९५२ च्या ‘पराशक्ती’ या चित्रपटातील न्यायालयाच्या प्रसंगात करुणानिधींनी लिहिलेले लांबलचक संवाद म्हणताना ते आवाज कधी खाली आणतात, कधी चढवतात, आणि त्या चढउतारांत रंगभूमीवरची तालीम स्पष्ट ऐकू येते. संयत अभिनयच हवा असेल, तर दिग्दर्शक भारतीराजा यांचा १९८५ चा, गणेशन यांची भूमिका असलेला ‘मुदल मरियादै’ हा चित्रपट अवश्य पाहावा.