मासळीच्या पिकअपची चॅसी गंजली, वरून कोट मारू का?

प्रश्न: दहा वर्षांची पिकअप, मालवण-कोल्हापूर मासळी वाहतूक. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा जिथे टांगलेला असतो तिथे, चॅसीचे (गाडीच्या लोखंडी सांगाड्याचे) पापुद्रे सुटलेत. डांबरी कोट चालेल?

उत्तर: नाही हो! कोटाखाली खारं पाणी अडकतं, गंज आत खातच राहतो. आधी हातोडीने ठोका. आवाज खणखणीत तर पत्रा शाबूत. बद्द वाजला की स्क्रूड्रायव्हर टोचा. शाबूत असेल तर वायर ब्रश, गोडं पाणी, पूर्ण वाळवून फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण), मग इपॉक्सी प्रायमरचे (लोखंडाला घट्ट धरणाऱ्या अस्तर-रंगाचे) दोन हात.

उत्तर: स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. प्लेट मूळ जाडीचीच, टोकं तिरकी. उभ्या सरळ जोडालगतच तडा जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा.

उत्तर: बॉक्स चॅसीची (आतून पोकळ, चौकोनी नळीसारखी) पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा.