मदत हवी आहे: डिटेक्टरमध्ये तीन पन्न्या लावल्या की ठिणगी कमी का पडते, हे वर्गात कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात एका गावात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. परवा सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगातला जेम डिटेक्टर, म्हणजे वायूतून जाणारे सूक्ष्म कण टिपणारं उपकरण, सांगत होतो. ५० मायक्रॉन जाडीची प्लास्टिकसारखी पन्नी, दोन्ही बाजूंना तांबं, त्यात ७० मायक्रॉनची छिद्रं. कण जाताना वायूत इलेक्ट्रॉन सुटतात, आणि छिद्रातल्या जबर विद्युतक्षेत्रात अशा एका इलेक्ट्रॉनचे अनेक होतात. अल्फासारखा कण एकदम खूप इलेक्ट्रॉन सोडतो; त्यामुळे हा लोंढा १० लाख ते १ कोटी इलेक्ट्रॉनांपर्यंत गेला की ठिणगी पडते. म्हणून एकाखाली एक तीन पन्न्या, प्रत्येकीवर कमी व्होल्टेज.

पोरांना ठिणगी लगेच कळली. तुरीच्या धुऱ्यावर झटका मशीनच्या तारेला ओलं गवत टेकलं की टकटक होतं, ते रोजचंच. पण एका मुलीनं विचारलं, "सर, शेवटी इलेक्ट्रॉन तेवढेच होतात ना? मग ठिणगी कमी कशी?" फार आनंद झाला मला!

मी सांगितलं, खाली येताना लोंढा पसरतो, बऱ्याच छिद्रांत वाटला जातो, आणि मर्यादा एकेका छिद्राची असते. मग तीन चाळण्यांतून मूठभर ज्वारी सोडून पसरणं दाखवलं. पण दाणे वाढत नाहीत, तिथंच अडलं. हाय व्होल्टेज वर्गात आणायचं नाही. वाढणं आणि पसरणं एकत्र दिसेल असा साधा प्रयोग कोणी केलाय का? शनिवारी पुन्हा तास आहे.