पाठ केलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाही: अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचा अभ्यास कसा घ्यावा?

प्रश्न (पालक, देवगड)
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात विशेष अडचण, असल्याचे तपासणीत आढळले आहे. बुद्धिमत्ता मात्र वयानुरूप आहे. सिंधुदुर्गातील आठ तालुके रात्री पुनःपुन्हा म्हणून घेतले, तरी सकाळी दोन-तीनच आठवतात. हा त्याचा आळस नव्हे, हे मला कळते. परंतु घोकंपट्टीखेरीज दुसरा मार्ग मला माहीत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (विशेष शिक्षिका, कुडाळ)
ताई, आठ सुटी नावे लक्षात ठेवणे कोणालाही जड जाते. मात्र इतर मुले नकळत त्यांचे गट पाडतात आणि अध्ययन अक्षमता असलेली अनेक मुले तसे आपणहून करत नाहीत. टॉर्गेसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९७७ मधील प्रयोगात वाचनात मागे असलेल्या मुलांना चित्रे प्रकारांनुसार लावायला शिकवल्यावर, स्मरणात त्यांच्यात आणि चांगले वाचणाऱ्या मुलांत असलेला फरक उरला नाही. मला ही फार आश्वासक गोष्ट वाटते.

म्हणून नकाशा समोर घ्या. किनाऱ्यावरचे देवगड, मालवण, वेंगुर्ला. महामार्गावरचे कणकवली, कुडाळ. घाटाच्या पायथ्याचे वैभववाडी, सावंतवाडी, दोडामार्ग. पहिल्यांदा हे गट आपण मोठ्याने विचार करत पाडून दाखवा, पुढच्या धड्यात त्याला पाडू द्या. मग नकाशा झाकून आधी गट आणि नंतर त्यांतील तालुके आठवायला सांगा. हेच दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तीन-चार दिवसांनी करा, कारण वारंवार वाचण्यापेक्षा न पाहता आठवल्याने स्मरण अधिक टिकते. तो अडला तर उत्तर लगेच सांगावे.

उत्तर (प्राथमिक शिक्षक, गुहागर)
एक भर घालतो. भूगोलात शिकलेली युक्ती मूल गणितात आपोआप वापरत नाही. ती कुठे चालेल, हे प्रत्येक वेळी बोलून दाखवावे लागते. नऊच्या पाढ्यात ९० पर्यंत दशक एकाने वाढतो आणि एकक एकाने घटतो, हे त्याला शोधू द्या. सातच्या पाढ्यात इतकी सोपी खूण नाही. तेथे तक्ता समोर ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही, कारण पाढा आठवण्यातच सारे लक्ष खर्च झाले तर उदाहरणाचा अर्थ हातून निसटतो.

प्रश्नकर्त्या पालक
दोघांचेही आभार. तो तोंडी सांगतो, पण लिहिताना नावे गाळतो. त्याचे काय करावे?

विशेष शिक्षिका, कुडाळ
आठवले की नाही, हे तोंडीच तपासा आणि शुद्धलेखनाचा सराव वेगळ्या वेळी घ्या. लिहिताना त्याचे लक्ष अक्षरांत गुंतते. उत्तरापूर्वी कोपऱ्यात प्रत्येक गटातील नावांची आद्याक्षरे लिहून ठेवायची सवय लावा. म्हणजे गाळलेले नाव त्याचे त्यालाच सापडेल.