एका हाताने बूट पॉलिश करायला बूट धरून ठेवणारा स्टँड: नाशकात मिळतो का, की करून घ्यावा?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे सगळ्या धंद्यांतली माणसे आहेत म्हणून विचारते.

माझे सासरे, अप्पा, वय 74, प्रेसमधून निवृत्त. पहिल्या पाळीला जाताना बूट चमकले नाहीत तर दिवस वाईट जातो अशी त्यांची समजूत होती. निवृत्तीनंतर त्यांचे स्वतःचे बूट लग्नकार्यापुरते उरले, तेव्हा त्यांनी नातवाचे बूट ताब्यात घेतले. माझा मुलगा भोसलात (इथली सैनिकी शाळा) सातवीला आहे. रोज रात्री जेवण झाले की बाल्कनीत पाट, वर्तमानपत्र, डबी, दोन ब्रश आणि जुन्या बनियनचा तुकडा, असा सगळा थाट.

मागच्या दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालणे-बोलणे पुष्कळ सुधारले, पण डाव्या हाताला पकड नाही. आता ते बूट दोन गुडघ्यांत धरतात. ब्रश जोरात ओढला की बूट गर्रकन फिरतो. परवा तो उघड्या डबीवर पडला, डबी पायजम्यावर आणि तिथून फरशीवर. सासूबाईंनी त्या पायजम्याचे पायपुसणे केले आहे आणि अप्पा दोन दिवस त्यावर पाय पुसत नाहीयेत.

बूट पायात असल्यासारखा घट्ट धरून ठेवेल असे काही मिळते का? मुलाचा बूट 4 नंबर, अप्पांचा 8, नवऱ्याचा 9, म्हणजे लहानमोठे करता आले पाहिजे. आणि लावणे-काढणे एका हाताने जमले पाहिजे. पॉलिशवाल्याकडे द्या असे कृपया सांगू नका.

कॉलेजरोडवाला

पॉलिशवाल्याकडे का नाही देत? सीबीएस बसस्टँडजवळ बसतात की. आपल्यापेक्षा झकास करतात.

गोदाकाठची

शेवटची ओळ वाचा ना दादा :) बूट चमकवणे हा प्रश्नच नाही. अप्पांचे रात्रीचे काम गेले आहे, तो प्रश्न आहे. मी दोनदा करून दिले तर तिसऱ्या दिवशी त्यांनी डबी लपवून ठेवली.

झेंडूचं फूल

मी ऑनलाइन एक मागवला होता, भावासाठी. तो तेव्हा त्र्यंबक रोडला पोलीस अकादमीत प्रशिक्षणाला होता. फळीवर बूट ठेवायचा आणि पुढून-मागून दोन ठोकळे स्क्रूने आवळायचे. पकड चांगली होती, पण ठोकळे सोलच्या कडेवर बसतात, म्हणजे नेमके टोक आणि टाच झाकली जाते. चमक हवी तिथेच ब्रश पोचत नाही! मग सोडवा, फिरवा, परत आवळा. प्लास्टिकचा स्क्रू दुसऱ्या महिन्यात तुटला. पैसे गेले.

रेवती पंचवटी

लाकडी शू ट्री मिळतात, स्प्रिंगवाले, चवड्याला मधे फट असते. आमच्याकडे आहेत. पण ते बुटाचा आकार राखायला. बूट भरीव होतो, पॉलिश करायला बरे पडते, तरी दुसऱ्या हाताने धरावा लागतोच. म्हणजे तुमचे निम्मे काम होईल.

मोकाट

चांभाराकडे लोखंडाची तीन पायांची असते ती घ्या. बुधवारच्या बाजारात जुन्या लोखंडात सापडेल.

अंबडचा फिटर

@मोकाट, ती ठोकायला असते हो. बूट तिच्यावर उलटा बसतो, तळवा वर. सोल चिकटवायचा, खिळा मारायचा तर उत्तम. पॉलिश तळव्याला करायचे नसेल तर उपयोग नाही.

@गोदाकाठची ताई, झेंडूंनी सांगितले तेच खरे दुखणे आहे. बाहेरून धरले की जिथे धरले तिथे पॉलिश नाही. पाय कसा धरतो? आतून. म्हणून पकड आतूनच पाहिजे. असे स्टँड जुन्या काळी परदेशात घरोघरी भिंतीला लावत. भिंतीतून एक दांडा, टोकाला पावलाच्या आकाराचा साचा. बूट त्याच्यावर चढवायचा. मी आमच्या वर्कशॉपमध्ये एकाला करून दिला होता, त्यावरून सांगतो.

25 मिमी रुंद, 3 मिमी जाड लोखंडी पट्टी घ्या. हा झाला तळवा. पुढच्या टोकाला चवड्याचा लाकडी ठोकळा, मागे टाचेचा. चवड्याचा ठोकळा पट्टीवर दोनेक सेंमी मागेपुढे सरकेल असा ठेवा आणि त्याच्यामागे स्प्रिंग. टाचेचा ठोकळा पिनने अडकवायचा. पट्टीच्या मधून नळी वेल्ड करून ती तिरकी वर, बुटाच्या तोंडातून बाहेर, भिंतीकडे.

आता लहानमोठेपणा. आपल्याकडे बुटावर जो यूके नंबर असतो त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण 8.5 मिमी. (हे माप मूळ जवाच्या दाण्यावरून आले आहे. तीन दाणे म्हणजे एक इंच.) 4 ते 9 म्हणजे पाच टप्पे, सगळे मिळून साडेबेचाळीस मिमी. पट्टीला 8.5 मिमीच्या अंतराने सहा भोके पाडा. एक भोक, एक नंबर. पिन काढली, ठोकळा सरकवला, पिन घातली. विंग नट (बोटांनी फिरवायचा, पंखांचा) लावू नका. तो बुटाच्या तोंडात जातो, तिथे बोटे वळत नाहीत, आणि एका हाताने तर नाहीच.

पिन दोरीने बांधून ठेवा. हे मी हात जोडून सांगतो. हरवते.

मोकाट

फिटरभाऊ, एवढ्या उपद्व्यापापेक्षा बेंच व्हाइसमध्ये (टेबलाला बसवायच्या शिकंज्यात) शू ट्रीचा दांडा पकडला तर?

अंबडचा फिटर

बाल्कनीत बेंच व्हाइस बसवणार कशावर? आणि अप्पा त्याचे हँडल फिरवतील, मग बूट घालतील, मग परत आवळतील. भिंतीच्या दांड्याला काही आवळायचे नाही, हा फायदा. आणखी एक: पॉलिशचा जोर वरून खाली कमी, आडवा जास्त असतो. ब्रश डावी-उजवी पळतो. म्हणून बूट पडत नाही, फिरतो. टाचेची पकड ढिली असली की संपले.

भिंत विटांची आहे ना ते बघा. नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू महिन्याभरात हलायला लागेल. अप्पा खुर्चीवर बसून करणार असतील तर दांडा जमिनीपासून 65-70 सेंमीवर. टाच आणि भिंत यांच्यात वीतभर तरी जागा सोडा, नाहीतर ब्रश भिंतीवर आपटेल आणि भिंत काळी होईल. मग सासूबाई आहेतच.

देवळालीचा गनर

वा फिटरसाहेब. आमच्या वेळी असले काही नव्हते. डावा हात बुटात मनगटापर्यंत, आणि उजव्याने चालू. तेव्हा अ‍ॅम्युनिशन बूट होते, खाली खिळे. देवळालीच्या थंडीत हात बुटात घातला की निदान एक हात तरी गरम.

ताई, स्टँड होईल तेव्हा होईल, अप्पांना दोन गोष्टी सांगा. (माहीत असतीलच, पण जुन्या माणसाला आपल्यासारखाच कोणी बोललेला आवडतो.) थर पातळ. लोक बोटभर थापतात आणि तासभर घासतात. पॉलिशमधला टर्पेंटाइनसारखा द्रव उडून जायला दहा मिनिटे द्यायची. मागे राहते ते मेण, आणि ब्रशच्या घर्षणाने ते मेण गरम होऊन पसरते, ती चमक. ओल्यावर घासले तर मेण ब्रशला जाते, बुटाला नाही. आणि टोकावर आरसा हवा असेल तर कापूस ओला करून घट्ट पिळायचा, किंचित पॉलिश, छोटी छोटी वर्तुळे. पाण्याचा एकेक थेंब. घाई केली की धूसर होते.

अवांतर: कीवी पॉलिश ऑस्ट्रेलियातले, 1906 सालचे. नाव कीवी का, तर मालकाची बायको न्यूझीलंडची. आम्हाला हे मेसमध्ये एका हवालदाराने सांगितले होते, तेव्हा वाटले थापा मारतोय. खरे निघाले.

पाऊसवेडा

आधी मुलाचा बूट कातडी आहे का ते बघा. शाळेच्या बुटांत रेक्झिनच जास्त. त्यात मेण मुरत नाही, वर बसते आणि वाकतो तिथे पांढऱ्या भेगा दिसतात. रेक्झिनला ओले फडके पुरते.

आणि कातडी बूट पावसाळ्यात ओला असताना पॉलिश करू नका, पाणी आत कोंडते. गंगापूर रोडला आमच्या तळमजल्यावर ऑगस्टमध्ये कपाटातल्या बुटांवर हिरवी मखमल उगवते.

गोदाकाठची

कातडी आहे, अप्पांनीच पारखून घेतलाय. वास घेऊन. दुकानदार बघत राहिला.

गनरकाका, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "बरोबर बोलतोय" एवढेच म्हणाले, पण लपवलेली डबी बाहेर आली.

डॉ. नाही, फिजिओ

उशिरा येतेय. ताई, स्टँड जरूर करा, पण डावा हात मांडीवर निपचित ठेवून उजव्यानेच सगळे होईल असे नको. डावा तळहात बुटाच्या बाजूला नुसता टेकवून ठेवायला सांगा. पकडायचे नाही, फक्त टेकवायचे. खांदा दुखला तर थांबायचे. आणि तुमच्या थेरपिस्टना हा सगळा प्रकार एकदा दाखवाच, त्या काही बदल सुचवतील. पाटापेक्षा हाताची खुर्ची बरी, उठताना आधार होतो.

डबी उघडायचे काय करताय? बाजूचा तो छोटा खटका फिरवायला दुसरा हात लागतो.

अंबडचा फिटर

त्यासाठी फळीला डबीच्या मापाचे गोल भोक पाडा, खोली डबीच्या निम्मी. कडेला सायकलच्या ट्यूबचे रबर चिकटवा. डबी फिरत नाही. खटका वर राहील एवढे बघा. फळी खुर्चीच्या हातावर स्क्रूने.

गोदाकाठची

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला.

झाला एकदाचा! ठोकळे सिडकोतल्या आमच्या सुताराने केले. त्याला चवडा म्हणजे काय हे सांगायला अप्पा स्वतः बूट घेऊन गेले आणि तासभर तिथेच बसले. पट्टी, नळी, वेल्डिंग सातपूरला नवऱ्याच्या ओळखीने. सुताराचे 400, लोखंडाचे 350, बाकी किरकोळ.

पहिल्यांदा जमले नाही. स्प्रिंग फार कडक होती. बूट घालताना आधी चवडा आत जातो, मग भिंतीकडे ढकलून टाच वर चढवायची. अप्पांना तेवढा जोर एका हाताने येईना, चेहरा लाल झाला. स्प्रिंग बदलून मऊ घातली, तर बूट चढला छान, पण ब्रश मारला की टाच निसटायची. दोन दिवस घरात सुतक. मग फिटरदादांनी डबीसाठी सांगितलेले ट्यूबचे रबर अप्पांनीच टाचेच्या ठोकळ्याला चिकटवले. आता हलत नाही.

लेस पूर्ण ढिली करावी लागते, आणि नवऱ्याचे बिनलेसचे बूट अजून सटकतात. दांडा बुटाच्या तोंडातून येतो त्यामुळे जिभेवर ब्रश नीट फिरत नाही, तिथे फडक्यानेच. डबीची फळी मात्र पहिल्या फटक्यात जमली.

बाल्कनीच्या भिंतीतून बूट बाहेर आलेला असतो, संध्याकाळी दिवा लावला नसला की भिंतीत कोणी अडकलेय असे वाटते. दूधवाला दचकला. डावा हात अप्पा टेकवून ठेवतात, फिजिओताई. कधीकधी करंगळी हलल्यासारखी वाटते, पण ते माझे वाटणेही असेल.

देवळालीचा गनर

शाबास अप्पा! आणि टोकावर आरसा?

गोदाकाठची

मुलगा म्हणतो परेडच्या रांगेत पुढच्याचा बेल्ट दिसतो. अर्धे खरे धरा.

झेंडूचं फूल

ताई, फोटो आणि मापे टाका ना. भावाची बदली झालीये, तिकडे करून घेईल.

गोदाकाठची

उद्या टाकते. मापे फिटरदादांची आहेत तशीच, फक्त नळी आम्ही थोडी लांब घेतली.

अंबडचा फिटर

ताई, पिनला दोरी बांधली ना?

गोदाकाठची

नाही. चौथ्या दिवशी हरवली. सध्या सासूबाईंची विणायची सुई घातलीये. त्यांना अजून कळलेले नाही.