मटमधून मेल येतो, पण जात नाही (डेबियन ११, होस्टिंगवाल्याचा मेल सर्व्हर)

अंबड_स्टोअर:
अंबड एमआयडीसीतल्या एका युनिटच्या स्टोअरमध्ये २ जीबी रॅमचा पीसी आहे. डेबियन ११ लिनक्स, नुसता काळा कन्सोल (खिडक्या नाहीत, फक्त अक्षरांचा स्क्रीन). क्वोटेशन आणि चलनांचे मेल त्यावर बघायला मट (कीबोर्डवर चालणारा मेल प्रोग्रॅम) टाकलंय. आयमॅप (मेल वाचायची पद्धत), पोर्ट ९९३ वरून इनबॉक्स नीट उघडतो. पाठवताना आधी 'अनएक्स्पेक्टेड टीएलएस पॅकेट' यायचं. पोर्ट ५८७ चं ४६५ केल्यावर ते गेलं, पण आता 'नो ऑथेंटिकेटर्स अव्हेलेबल' येतं. शिवाय मराठी मेलमध्ये सगळी प्रश्नचिन्हं दिसतात. काय राहिलंय?

गोदाकाठ:
पोर्टचं आधी समजून घ्या. ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस (एनक्रिप्शन) असतं, म्हणून मटच्या सेटिंगमधला मेल पाठवायच्या सर्व्हरचा पत्ता 'एसएमटीपीएस' ने सुरू करायचा (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायची पद्धत). ५८७ वर सर्व्हर आधी साधं बोलतो आणि मग स्टार्टटीएलएस या कमांडने कुलूप लावतो; तिथे शेवटचा 'एस' नको. तुम्ही ५८७ ला 'एस' लावला होता, म्हणून ते पॅकेट अनपेक्षित. उलटी चूक केली, म्हणजे ४६५ ला 'एस' गाळला, तर एरर येत नाही, मट नुसतं ताटकळतं. युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी असेल तर पत्त्यात ॲटच्या जागी टक्का-चिन्ह आणि ४० लिहा.

दुसरी एरर पासवर्डची नाही. 'लिबसॅसल२-मॉड्यूल्स' हे लॉगिनच्या पद्धती पुरवणारं पॅकेज नाहीये. ते 'रेकमेंड्स' मध्ये, म्हणजे सक्तीचं नसलेल्या पॅकेजेसमध्ये येतं, त्यामुळे कमीत कमी पॅकेजेस घेऊन इन्स्टॉल केलं की सुटतं. आयमॅपला साध्या लॉगिन कमांडचा पर्याय आहे, म्हणून वाचणं चालतं. या मटमध्ये एसएमटीपीला तो नाही. ॲप्टने (डेबियनची पॅकेज टाकायची कमांड) टाका आणि मट बंद करून परत उघडा.

पासवर्ड मटआरसीत (मटची सेटिंगची फाइल) उघडा ठेवू नका, स्टोअरचा पीसी चार जण वापरतात. जीपीजी या प्रोग्रॅमने एनक्रिप्ट केलेल्या वेगळ्या फाइलमधून 'सोर्स' ओळीने वाचून घ्या आणि 'एसएसएल_फोर्स_टीएलएस' (टीएलएसची सक्ती) 'येस' ठेवा.

सिन्नर_टर्मिनल:
प्रश्नचिन्हं म्हणजे लोकेल (सिस्टिमची भाषा आणि अक्षरांची सेटिंग) 'सी' वर, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांवर आहे. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स' चालवून इंग्लिश-इंडिया यूटीएफ-८ निवडा आणि नव्याने लॉगिन करा. मटआरसीत चारसेटची (अक्षरांच्या एन्कोडिंगची) ओळ घातली असेल तर काढून टाका. मट ते लोकेलवरून स्वतः ओळखतं, ओळ घातली की खरा बिघाड झाकला जातो.

तरी काळ्या कन्सोलवर देवनागरी दिसणार नाही. तिथल्या फॉन्टला ५१२ चिन्हांची मर्यादा आहे आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही. दुसऱ्या मशीनवर केडीई डेस्कटॉपच्या 'कॉन्सोल' (Konsole) सारख्या खिडकीतल्या टर्मिनलमधून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची कमांड) या पीसीवर या, तिथे अक्षरं जुळतात.

अंबड_स्टोअर:
पॅकेज टाकल्यावर मेल गेला, आभार. पण पाठवलेल्याची प्रत सेव्ह होत नाही, 'सेंट' फोल्डर बनवू का विचारतं आणि हो म्हटलं की सर्व्हर नकार देतो.

गोदाकाठ:
फोल्डर आधीच आहे, नाव वेगळं आहे. बऱ्याच होस्टिंगवर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात असतात: 'इनबॉक्स', टिंब, 'सेंट'. मटमध्ये सी दाबा, मग प्रश्नचिन्ह. यादीत दिसेल तेच नाव जसंच्या तसं मटआरसीतल्या 'रेकॉर्ड' ला (पाठवलेल्याची प्रत कुठे ठेवायची ते) द्या. 'पोस्टपोन्ड' लाही तसंच, ड्राफ्ट्सचं नाव. जीमेल असतं तर 'रेकॉर्ड' रिकामं ठेवायचं, ते स्वतःच प्रत ठेवतं, नाहीतर दोन होतात.

आणि 'हेडर_कॅश' व 'मेसेज_कॅशडिर' (उतरवलेले हेडर आणि मेल पीसीवर साठवायच्या सेटिंग) साठी डिरेक्टरी आधी हाताने बनवून ठेवा. 'हेडर_कॅश' लावलं नाही तर मोठा इनबॉक्स उघडताना दर वेळी सगळे हेडर नव्याने उतरतात.